चिठ्ठ्या बदलल्या, मनं बदलली का? कर्मचाऱ्यांच्या मतासाठी काय-स्क्वेअर कसोटी



दर तीन महिन्यांनी आपल्या माणसांना दोन-तीन साधे प्रश्न चिठ्ठीवर विचारा, हे मी व्हिडिओत नेहमी सांगतो. विचारणं सोपं आहे. अडचण चिठ्ठ्या मोजल्यावर सुरू होते. मागच्या वेळी इतके खूश होते, आता तितके आहेत. हा आकडा खरंच हलला, की असाच वर-खाली झाला? वाईट आकडा बघून घाबरलो तर चांगला निर्णय मागे घेतो. दुर्लक्ष केलं तर चांगला माणूस हातचा जातो, आणि तो दारातून बाहेर पडेपर्यंत आपल्याला पत्ताही नसतो.

माझ्या स्वतःच्या हार्डवेअरच्या दुकानात पाच माणसं आहेत. पाच माणसांना कसोटी लागत नाही, चहा लागतो. समोर बसवून विचारलं की कळतं. पण चाळीस, साठ, ऐंशी माणसं असतील तर सगळ्यांचं मन चहावर कळत नाही. तिथे काय-स्क्वेअर कसोटी कामाला येते. आज तीच समजून घेऊ, आणि ती वापरताना मी स्वतः कुठे आपटलो तेही सांगतो.

एका मित्राचा फोन

आमच्या भागात माझ्या एका मित्राचं फळप्रक्रियेचं युनिट आहे. आंब्याचा पल्प, कोकम आगळ, फणसपोळी, असा माल. माणसं ऐंशी. त्याचं युनिट ओळखू येऊ नये म्हणून आकडे आणि बारीक तपशील मी थोडे बदलले आहेत, हिशोबाची तऱ्हा तीच ठेवली आहे.

पूर्वी काम सकाळी नऊ ते सहा चालायचं. माल संध्याकाळच्या गाडीला लागेना, म्हणून त्याने ते आठ ते पाच केलं. माझ्या सांगण्यावरून त्याने बदलाच्या आधी जुलैत आणि बदलानंतर ऑक्टोबरमध्ये एकच प्रश्न चिठ्ठीवर विचारला होता: "कामाची वेळ सोयीची वाटते का?" उत्तरं तीन: हो, काही फरक पडत नाही, नाही.

जुलै: हो ४४, फरक नाही २०, नाही १६. एकूण ८०.
ऑक्टोबर: हो ३२, फरक नाही २२, नाही २६. एकूण ८०.

त्याचा फोन आला. "अरे, बारा माणसं फिरली. वेळ परत नऊची करू का?" वेळ परत नऊची म्हणजे संध्याकाळची गाडी परत चुकणार. म्हणजे प्रश्न नुसता आकड्यांचा नव्हता.

एकाच होडीतल्या दोन पाट्या

आता कसोटीमागचा विचार बघा. धक्क्यावर एक होडी लागली. बांगडा आहे. त्याच ढिगातून दोन पाट्या भरल्या. दोन्ही पाट्यांत मोठे बांगडे अगदी सारखे येतील का? नाही. एकीत ४४ येतील, दुसरीत ४०. म्हणून कोणी "ही पाटी दुसऱ्या होडीची आहे" म्हणत नाही. भरताना एवढं इकडेतिकडे होतंच.

पण एकीत ४४ आणि दुसरीत १५ आले तर? तर आपण भुवया उंचावतो. ही एकाच ढिगातली नसावी.

मग ४४ आणि ३२ मध्ये काय समजायचं? नुसत्या नजरेने सांगता येत नाही. ती रेघ आखून देण्याचं काम काय-स्क्वेअर करते. यातला "काय" हा प्रश्न नाही बरं का, ते ग्रीक अक्षर आहे. वर्गात हा विनोद आमच्या सरांनी केला होता, आता मी करतो. ही कसोटी कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडली.

हिशोब, पायरी पायरीने

पहिली पायरी: मत मुळीच बदललं नाही, असं धरून चाला. म्हणजे दोन्ही पाट्या एकाच होडीच्या.

दुसरी पायरी: तसं असतं तर प्रत्येक घरात किती चिठ्ठ्या आल्या असत्या? दोन्ही वेळचे "हो" मिळून ७६. दोन्ही वेळा ऐंशी-ऐंशीच चिठ्ठ्या, म्हणून निम्मे निम्मे: ३८ आणि ३८. "फरक नाही" एकूण ४२, म्हणजे २१-२१. "नाही" एकूण ४२, म्हणजे २१-२१. याला म्हणायचं अपेक्षित संख्या. दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या सारख्या नसतील तर ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले सगळ्यांची बेरीज, हे सूत्र लावा. उत्तर तेच येतं.

तिसरी पायरी: प्रत्येक घरात प्रत्यक्ष वजा अपेक्षित. आलेल्या उत्तराचा वर्ग करा आणि त्याला अपेक्षित संख्येने भागा. वर्ग यासाठी, की अधिक-उणे एकमेकांना खाऊ नयेत. भागायचं यासाठी, की ३८ मध्ये ६ चा फरक आणि ३८० मध्ये ६ चा फरक सारखा नसतो.

"हो": फरक ६, वर्ग ३६, भागिले ३८ म्हणजे ०.९५. अशी दोन घरं, म्हणून सुमारे १.८९.
"फरक नाही": फरक १, वर्ग १, भागिले २१ म्हणजे ०.०५. दोन घरं, ०.१०.
"नाही": फरक ५, वर्ग २५, भागिले २१ म्हणजे १.१९. दोन घरं, २.३८.

बेरीज साधारण ४.३७. हाच आपला काय-स्क्वेअर.

चौथी पायरी: हा आकडा मोठा की लहान? त्यासाठी डिग्री ऑफ फ्रीडम काढायची. नावाला घाबरू नका. ओळी वजा एक, गुणिले स्तंभ वजा एक. आपल्याकडे २ ओळी, ३ स्तंभ, म्हणून १ गुणिले २, म्हणजे २. अर्थ इतकाच, की बेरजा ठरलेल्या असताना दोन घरं भरली की उरलेली घरं आपोआप भरतात. मोकळी घरं दोनच. गंमत म्हणजे अशा तक्त्यांत ही संख्या कशी मोजायची याबाबत खुद्द पिअर्सनही चुकले होते. ती चूक रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दुरुस्त केली. तेव्हा आपण एकदा चुकलो तर फार मनाला लावून घ्यायला नको.

पाच टक्क्यांच्या नेहमीच्या मापाला २ डिग्रीसाठी रेघ ५.९९ वर आहे. १ डिग्रीसाठी ३.८४ वर. आपला आकडा ४.३७, म्हणजे रेघेच्या अलीकडे.

एक्सेलमध्ये हे सगळं "सीएचआयएसक्यू डॉट टेस्ट" या फॉर्म्युल्याने होतं. प्रत्यक्ष आकड्यांचा तक्ता आणि अपेक्षित आकड्यांचा तक्ता असे दोन्ही निवडायचे, तो सरळ पी-व्हॅल्यू देतो. इथे ती सुमारे ०.११ येते. तिचा अर्थ नीट वाचा: मत मुळीच बदललेलं नसतं, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात सुमारे अकरा वेळा योगायोगाने दिसला असता.

कोणी विचारेल, सगळ्या ऐंशी जणांना विचारलं, मग योगायोग आला कुठून? तो माणसाच्या त्या दिवसाच्या मनात असतो. काठावरचा माणूस सोमवारी "हो" लिहितो, पगार उशिरा झाला त्या दिवशी "नाही" लिहितो.

मी मित्राला फोन केला आणि ऐटीत सांगितलं, "घाबरू नको, फरक योगायोगाचा असू शकतो. वेळ आठचीच ठेव."

आणि इथे मी चुकलो

रात्री दुकान बंद केलं आणि हा व्हिडिओ करायचा म्हणून बीबीएच्या जुन्या वह्या काढल्या. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "दोन्ही गट एकमेकांपासून स्वतंत्र हवेत." परीक्षेला पाठ केलेलं वाक्य. अर्थ त्या रात्री कळला.

दोन पाट्यांत वेगवेगळे बांगडे असतात. मित्राच्या दोन्ही पाट्यांत तीच ऐंशी माणसं होती! साधी काय-स्क्वेअर असं धरून चालते की जुलैतले ८० आणि ऑक्टोबरमधले ८० ही वेगळी माणसं आहेत. मागच्या हंगामातले मजूर आणि या हंगामातले नवे मजूर, दिवसपाळी आणि रात्रपाळी, दोन शाखांचा स्टाफ, अशा ठिकाणी ती अगदी बरोबर. पण त्याच माणसांना दोनदा विचारलं असेल तर ती नको तिथे वापरली, असं होतं.

तीच माणसं असतील तर प्रश्न बदलतो. "किती खूश होते आणि किती आहेत" हे नाही विचारायचं. "कोण इकडून तिकडे गेला, आणि कोण तिकडून इकडे आला" हे विचारायचं. जे जागचे हलले नाहीत ते बदलाबद्दल काहीच सांगत नाहीत. या कसोटीला मॅकनेमार कसोटी म्हणतात. क्विन मॅकनेमार या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९४७ मध्ये मांडली. काय-स्क्वेअरच्याच घराण्यातली आहे, आणि हिशोब तर अजून सोपा.

नशिबाने चिठ्ठीच्या कोपऱ्यात आम्ही एक गुप्त खूण करून घेतली होती: आपल्याला आठवेल असं एक चित्र आणि दोन आकडे. नाव नाही, फक्त खूण. त्यामुळे जुलैची चिठ्ठी ऑक्टोबरच्या चिठ्ठीशी जुळवता आली. प्रत्यक्षात दोघा-तिघांना आपली खूण आठवली नाही, पण इथे सगळ्या ८० जुळल्या असं धरू. "फरक नाही" आणि "नाही" हे दोन्ही मिळून "हो नाही" असा एकच गट केला.

दोन्ही वेळा "हो": २९.
दोन्ही वेळा "हो नाही": ३३.
आधी "हो", मग फिरले: १५.
आधी "हो नाही", मग "हो" झाले: ३.

पडताळा बघा. २९ आणि १५ मिळून जुलैचे ४४. २९ आणि ३ मिळून ऑक्टोबरचे ३२. जुळलं.

आता फक्त फिरलेले १८ घ्या. नुसता योगायोग असता तर निम्मे या बाजूला, निम्मे त्या बाजूला, म्हणजे साधारण नऊ-नऊ गेले असते. गेले १५ आणि ३. सूत्र: दोघांतला फरक १२, त्याचा वर्ग १४४, भागिले १८. उत्तर ८. डिग्री १, रेघ ३.८४. आठ म्हणजे रेघेच्या बरंच पलीकडे. फिरणारे कमी असले की काही जण फरकातून एक वजा करून मग वर्ग करतात. तसं केलं तरी ११ चा वर्ग १२१, भागिले १८, म्हणजे ६.७. तरीही पलीकडेच.

हेच दोन गट करून मी साधी काय-स्क्वेअर पुन्हा लावून बघितली. ३.६१ आली, म्हणजे ३.८४ च्या अलीकडेच. चिठ्ठ्या त्याच, माणसं तीच. एक कसोटी म्हणते सांगता येत नाही, दुसरी म्हणते मत नक्की हललंय. मित्र घाबरला ते बरोबर होतं. माझा धीर देणं चूक होतं. सकाळी त्याला फोन करून तसं सांगितलं.

आकडा "का" सांगत नाही

पुढचं काम कसोटीचं नाही, आपलं. त्याने वेळ लगेच परत नऊची केली नाही. पॅकिंगमध्ये सगळ्यात जुन्या असलेल्या मावशींना मध्ये घालून जेवणाच्या सुट्टीत गोष्ट काढली. कारण निघालं ते असं: वाडीत नळाला पाणी यायची वेळ आणि घरातून निघायची वेळ एकच झाली होती. पाणी भरायचं की कामावर पोचायचं, हा रोजचा प्रश्न. कोणाला आठ वाजता यायचा कंटाळा नव्हता.

त्याने पॅकिंगची वेळ साडेआठ ते साडेपाच केली आणि गाडीवाल्याला अर्धा तास थांबायला राजी केलं. त्याने मतं परत फिरली का? जानेवारीच्या चिठ्ठ्यांत कळेल. आधी मी काही बोलणार नाही. एकदा बोलून बसलोय.

वापरताना पाळायच्या गोष्टी

टक्के घालू नका, माणसं घाला. मित्राच्या चिठ्ठ्यांत "हो" ५५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आलं. हेच टक्के ८० च्या जागी ३२० माणसांत, पण वेगवेगळ्या दोन गटांत असते, तर काय-स्क्वेअर चौपट, म्हणजे साडेसतराच्या आसपास आली असती आणि शंकाच उरली नसती. २० माणसांत ती एकच्या आसपास राहिली असती. टक्के तेच, वजन वेगळं. एक्सेलमध्ये टक्के भरले तर त्याला वाटतं माणसं शंभरच आहेत.

एक माणूस, एक चिठ्ठी. एकाच्या तीन प्रश्नांची उत्तरं एकत्र मोजून ८० चे २४० करू नका.

घरं फार लहान नकोत. प्रत्येक घरातली अपेक्षित संख्या पाच किंवा जास्त असावी, हा नेहमीचा नियम. कमी असेल तर जवळची उत्तरं एकत्र करा, किंवा फिशर यांची एक्झॅक्ट कसोटी वापरा. काय-स्क्वेअर लहान आकड्यांत कशी वागते हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावर आपल्या माणसाने काम केलंय. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, गाव बुध, जिल्हा सातारा. फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले आणि १९३८ साली त्यांनी काय-स्क्वेअर आकड्याच्या वागणुकीवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचं काम त्यांनी सांभाळलं.

प्रश्नांचा पाऊस पाडू नका. पाच टक्क्यांचं माप म्हणजे काहीही बदललेलं नसताना वीस प्रश्नांत सरासरी एक तरी "बदललं" दाखवणार. दोन-तीन प्रश्न विचारा आणि कुठल्या उत्तरावर काय करणार ते चिठ्ठ्या उघडायच्या आधी लिहून ठेवा.

प्रश्नाचे शब्द बदलू नका. जुलैत "सोयीची" आणि ऑक्टोबरमध्ये "त्रासाची" विचारलंत, तर बदल माणसांत नाही, प्रश्नात झाला.

रेघेच्या अलीकडे म्हणजे "बदल नाही" असं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच, की एवढ्या चिठ्ठ्यांवरून सांगता येत नाही. आणि रेघेच्या पलीकडे म्हणजे बदल मोठा आहे असंही नव्हे. किती माणसं फिरली ते वेगळं बघा.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

ही कसोटी खऱ्या चिठ्ठ्यांवर चालते. चिठ्ठ्या खोट्या असतील तर हिशोब कितीही बरोबर करा, उपयोग नाही.

सुरुवातीला माझ्या दुकानातही मी चिठ्ठ्या घेतल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, "शेठ गिऱ्हाइकासमोर ओरडतात." अक्षर ओळखीचं होतं. मी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "हे तू लिहिलंस ना?" रागाने नाही, प्रेमानेच विचारलं, असं मला वाटत होतं. पुढच्या महिन्यात पाचही चिठ्ठ्यांवर एकच वाक्य: "सगळं ठीक आहे." मत शंभर टक्के सुधारलं! तो मुलगा चार महिन्यांत गेला.

म्हणून गुप्त खूण ज्याची त्याने ठरवायची, आणि ती कोणाची हे शोधायचं नाही. उत्तरं लिहायची नाहीत, फक्त टिकमार्क करायचे, म्हणजे अक्षर ओळखायचा प्रश्न येत नाही. "कुठल्या वाडीतून येता", "वय किती" असले प्रश्न जोडू नका. एका वाडीतून तिघीच येत असतील तर नाव विचारल्यासारखंच आहे. आणि चिठ्ठ्या मालकाने उघडू नयेत. मित्राकडे त्या मी उघडल्या, त्याच्या हातात फक्त बेरजा दिल्या. तुमच्याकडे तुमचा अकाउंटंट किंवा बाहेरचा कोणी भरवशाचा माणूस चालेल.

या आठवड्याचं काम: तुमच्याकडे वीसपेक्षा जास्त माणसं असतील तर एकच प्रश्न ठरवा, खूण करायला सांगा आणि पहिल्या चिठ्ठ्या घ्या. आज काहीही बदलू नका. आजचा आकडा नसेल तर उद्याचा बदल मोजणार कशाशी?

पुढच्या व्हिडिओत एक्सेलची शीट समोर ठेवून दोन्ही कसोट्या करून दाखवतो. तुमचे आकडे पाठवलेत तर त्यावरच करू, फक्त माणसांची नावं पाठवू नका.

भेटू मग.